भाडोत्री तारे

'पत' हा शब्द मराठी बाजारपेठेत उसनवारीपुरता कधीच मर्यादित नव्हता. दुकानदाराचे माप, त्याच्या मालाची प्रत, दिलेला शब्द पाळण्याची त्याची रीत यांविषयी पेठेतील लोकांच्या मनात वर्षानुवर्षे साचत गेलेला विश्वास म्हणजे त्याची पत, आणि ती सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असल्यामुळे सांगणाऱ्याची स्वतःची पतही त्या बोलण्यात आपोआप जमेस धरली जात असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या तोंडी शिफारशीची जागा ऑनलाइन अभिप्रायाने, म्हणजे व्यवहारात ज्याला सगळेच 'रिव्ह्यू' म्हणतात त्या एक ते पाच ताऱ्यांच्या मानांकनाने आणि त्याखालच्या दोन-चार ओळींनी, मोठ्या प्रमाणात घेतली आहे. शिफारस करणारा अनोळखी झाला, तरी शिफारशीवर विसंबण्याची ग्राहकाची सवय मात्र कायम राहिली, आणि खोट्या अभिप्रायांचा धंदा नेमका या फटीतून आत शिरला.

व्यावसायिकाला न आवडणारा अभिप्राय आणि खोटा अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उघड वाटले तरी प्रत्यक्षात सर्वाधिक गल्लत येथेच होते. आमटी पातळ होती, वेटर उर्मटपणे बोलला, गाडी लावायला जागा नसल्याने न जेवताच परतावे लागले, असे लिहिणाऱ्याने कदाचित अतिशयोक्ती केली असेल, पण त्याला काही एक अनुभव आलेला असतो. याउलट लिहिणाऱ्याचा त्या व्यवसायाशी ग्राहक म्हणून कधी संबंधच आलेला नसताना, किंवा पैसा, वैर, नातेसंबंध यांपैकी एखादे कारण दडवून, ग्राहकाचे सोंग घेऊन जे लिहिले जाते ते खोटे. या व्याख्येत निंदेइतकीच स्तुतीही येते; मालकाच्या मेहुण्याने दिलेले पाच तारे आणि समोरच्या दुकानदाराने टोपणनावाने दिलेला एक तारा यांची जात एकच आहे, जरी पहिल्या प्रकाराकडे समाज कौतुकमिश्रित दुर्लक्ष करतो आणि दुसऱ्या प्रकाराने मालकाची झोप उडते.

झोप उडण्यामागे साधे अंकगणित आहे. कोकणातील चार खोल्यांच्या एखाद्या घरगुती निवासाला, म्हणजे होमस्टेला, २० पाहुण्यांचे अभिप्राय मिळाले असून त्यांची सरासरी ४.८ आहे असे मानल्यास ताऱ्यांची एकूण बेरीज ९६ होते. एका रात्रीत पाच खोट्या खात्यांनी एकेक तारा दिला की बेरीज १०१ आणि अभिप्राय २५ होऊन सरासरी ४.०४ वर घसरते. तेथून ४.५ पर्यंत परत येण्यासाठी लागोपाठ २३ पाहुण्यांनी पाचपैकी पाच तारे द्यावे लागतात, आणि समाधानी पाहुण्यांपैकी फार थोडे जण आपणहून लिहायला बसतात हे लक्षात घेता हे एका मोसमाचे काम ठरते. ज्या निवासाकडे ४.८ सरासरीचे ४०० अभिप्राय आहेत, त्याची सरासरी त्याच पाच वारांनंतर ४.७५ राहते. हल्ल्याचे बळ सारखेच असले, तरी लहान आणि नव्या व्यवसायाला तो जिव्हारी लागतो.

ताऱ्यांचा गल्ल्याशी असलेला संबंधही अभ्यासकांनी मोजला आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरातील उपाहारगृहांची महसुली आकडेवारी आणि 'येल्प' या अभिप्राय-संकेतस्थळावरील मानांकने एकत्र तपासली, तेव्हा मानांकन एका ताऱ्याने वाढले की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असा निष्कर्ष निघाला. मात्र हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरताच होता, कारण देशभर शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांची पारख ग्राहकाला आधीच झालेली असते. याच लुका यांनी जॉर्जिओस झेर्वास यांच्यासह बोस्टन शहराविषयी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले अभिप्राय सुमारे १६ टक्के आढळले. ज्या उपाहारगृहाकडे अभिप्राय कमी आहेत किंवा ज्याला नुकतीच नापसंती मिळाली आहे ते स्वतःची खोटी स्तुती करवून घेण्याकडे अधिक झुकते, आणि जवळपास त्याच प्रकारचे जेवण देणारा स्वतंत्र प्रतिस्पर्धी असला की खोट्या निंदेचे प्रमाण वाढते, हे त्या अभ्यासातील निरीक्षण मिसळीच्या दोन शेजारी दुकानांची चुरस पाहिलेल्या कोणालाही नवे वाटणार नाही.

खोटी स्तुती ही विकत मिळणारी वस्तू आहे आणि तिचा बाजार जुना आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तेथील सरकारी यंत्रणेने, २०१९ मध्ये एका कंपनीविरुद्ध कारवाई केली. कोकमाच्या जातकुळीतील मलबारी चिंचेच्या अर्काच्या, वजन घटवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या ही कंपनी ॲमेझॉनवर विकत होती, आणि मानांकन ४.३ च्या खाली जाऊ नये इतके पंचतारांकित अभिप्राय पुरवण्याचे काम तिने पैसे देऊन एका संकेतस्थळाकडे सोपवले होते. इटलीतील लेच्चे येथील न्यायालयाने २०१८ मध्ये हॉटेलांना खोटे अभिप्राय विकणाऱ्या एका व्यावसायिकास नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. परंतु या व्यवस्थेचा पोकळपणा सर्वांत नेमका दाखवला तो लंडनचे पत्रकार ऊबा बटलर यांनी. पूर्वी दहा-दहा पौंड घेऊन उपाहारगृहांसाठी खोटे अभिप्राय लिहिलेल्या बटलर यांनी २०१७ मध्ये आपल्या परसातील खोपट 'द शेड ॲट डलिच' या नावाने 'ट्रिपॲडव्हायझर' या पर्यटन-संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंदवले, दाढीचा फेस आणि भांडी धुण्याच्या यंत्रातील वड्या वापरून पदार्थांची देखणी छायाचित्रे तयार केली, मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेतले, आणि कोणालाही एक घासही न वाढता त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हे खोपट लंडनमधील हजारो उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

भारतात हा बाजार एका निराळ्या गुन्ह्याला जोडला गेला आहे. 'घरबसल्या काम' अशा मथळ्याचा संदेश व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर येतो, त्यात गूगल मॅप्सवरील एखाद्या हॉटेलचा दुवा असतो, त्याला पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवला की शंभर-दीडशे रुपये खात्यात जमाही होतात, आणि विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क' या नावाखाली आधी पैसे भरून नंतर मोठा नफा मिळवण्याचे आमिष दाखवले जाते; बनावट ॲपवर फुगत जाणारा तो नफा काढून घेण्याची वेळ आली की कर, शुल्क, दंड अशी कारणे सांगून आणखी पैसे उकळले जातात. पोलिसी भाषेत याला 'टास्क फ्रॉड' म्हणतात, आणि पुणे, मुंबई, ठाणे येथील सायबर पोलिसांकडे आलेल्या अशा तक्रारींत सुशिक्षित नोकरदारांची संख्या लक्षणीय आहे. वृत्तपत्रांतील बातम्या बुडालेल्या लाखांचा आकडा सांगून थांबतात. पण पहिल्या पायरीवर त्या फसलेल्या माणसाने दिलेले पाच तारे हाही एक खोटा अभिप्रायच असतो, आणि ज्या हॉटेलात त्याने पाऊलही ठेवलेले नाही त्याच्या खात्यावर तो, बहुधा मालकाच्या नकळत, जाऊन बसतो. अशा प्रकारात पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

खंडणी हे याच व्यवसायाचे दुसरे टोक. २०२२ च्या उन्हाळ्यात शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को येथील नामांकित उपाहारगृहांना गूगलवर एकाएकी शेराविरहित एकतारांकित मानांकने मिळू लागली, आणि पाठोपाठ आलेल्या ईमेलमध्ये ७५ डॉलरचे गूगल प्ले भेटकार्ड पाठवल्यास ती काढून घेण्याची तयारी दाखवण्यात आली. पाठवणाऱ्याने आपण भारतात राहतो आणि पोटासाठी दुसरा इलाज नाही, असेही त्यात लिहिले होते. तो खरोखर भारतात होता की नाही हे बाजूला ठेवले, तरी मागणीची रक्कम मुद्दाम इतकी कमी ठेवली होती की पोलिसांकडे जाण्यापेक्षा देऊन मोकळे होणे सोपे वाटावे, ही त्यातील खरी चलाखी. अशी मागणी आल्यास पैसे देऊ नयेत, कारण दिलेली रक्कम हा 'येथे पैसे मिळतात' असा पत्ता ठरतो. ईमेल किंवा चॅट न पुसता जपून ठेवावे आणि तक्रार नोंदवावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणीला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते, आणि मागणी रुपयांत आहे की भेटकार्डात, याने त्यात फरक पडत नाही.

खोटा अभिप्राय वाचून ओळखता येतो, हा समज बराचसा भ्रामक आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये शिकागोतील २० हॉटेलांविषयीचे ४०० खरे अभिप्राय आणि पैसे देऊन मुद्दाम लिहवून घेतलेले ४०० खोटे अभिप्राय एकत्र केले. ते निवडताना माणसांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा सरस ठरला नाही, तर शब्दांच्या वापरावर शिकवलेल्या संगणकाने सुमारे ९० टक्के अचूकता गाठली. खरा पाहुणा न्हाणीघर, मजला, खोलीचा आकार अशा जागेशी निगडित तपशिलांविषयी लिहितो, तर न गेलेला माणूस आपण कोण, कोणाबरोबर, कशासाठी आलो यावर भर देतो आणि 'मी', 'माझे' अधिक वापरतो, असा फरक त्यात दिसला. तथापि मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्वांच्या हाती आल्यापासून केवळ भाषेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे झाले आहे. मराठी व्यावसायिकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: गूगल मॅप्स अनेकदा इतर भाषांतील अभिप्रायांचे यांत्रिक भाषांतर दाखवते, त्यामुळे विचित्र मराठीत दिसणारा मजकूर खोटाच असेल असे नव्हे, मूळ मजकूर उघडून पाहावा, तो एखाद्या तमिळ किंवा गुजराती पाहुण्याने सरळ मनाने लिहिलेला असू शकतो. मजकुरापेक्षा लिहिणाऱ्याचे खाते अधिक बोलके असते. एकाच दिवशी पुण्यातील सलून, जयपूरमधील हॉटेल आणि लिस्बनमधील दंतवैद्य यांना मानांकन देणारा माणूस प्रवासी नसून कामगार असतो.

संशय आल्यावर पहिले काम रागावण्याचे नसून नोंदींचे असते. अभिप्रायाचा तारखेसह स्क्रीनशॉट, त्याचा दुवा, लिहिणाऱ्याच्या खात्याचे पान हे सगळे तत्काळ साठवावे, कारण लिहिणारा तो मजकूर बदलू किंवा पुसू शकतो. मग बिलबुक, बुकिंगची वही, डिलिव्हरीची यादी, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी त्या दिवसाचा भाग, असे जे असेल ते ताडून पाहावे. त्यानंतर संबंधित मंचाकडे, म्हणजे ज्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर अभिप्राय आला त्याच्याकडे, तक्रार करताना त्याच्या धोरणाची भाषा वापरावी लागते. ग्राहक आणि विक्रेता यांच्यात घडलेल्या गोष्टीविषयी मतभेद असल्यास आपण निवाडा करत नाही, अशी गूगलची जाहीर भूमिका आहे. म्हणून 'हे सारे खोटे आहे' असे लिहिण्याने काही साधत नाही, पण अभिप्राय स्पर्धकाचा आहे, माजी कर्मचाऱ्याचा आहे, शिवीगाळ करणारा आहे, भलत्याच दुकानाविषयीचा आहे, असे धोरणभंगाचे नेमके कारण पुराव्यानिशी दिल्यास त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते, आणि तक्रार फेटाळली गेली तरी फेरविचाराची मागणी करण्याची सोय असते. गूगलने २०२४ या एका वर्षात धोरणभंग करणारे २४ कोटींहून अधिक अभिप्राय रोखले किंवा काढले. एवढ्या मोठ्या छाननीचा बहुतेक भाग यंत्रे करतात, त्यामुळे एखाद्या लहान दुकानदाराच्या तक्रारीला थंड, साचेबद्ध उत्तर मिळाले तर त्यात आश्चर्य नाही. ते संतापजनक मात्र आहे.

अभिप्राय निघो वा न निघो, त्याखाली उत्तर लिहिणे भाग असते, आणि येथे बहुतेक मालक चुकतात. उत्तर खोटे लिहिणाऱ्याला द्यायचे नसते, ते पुढे येऊन वाचणाऱ्या त्रयस्थ ग्राहकासाठी असते. त्यामुळे 'तुम्ही कोणाचे हस्तक आहात ते आम्हाला ठाऊक आहे' अशा आवेशाने मालकाचा संशय खरा असला तरी त्याचा स्वभावच चव्हाट्यावर येतो. 'नमस्कार. आपल्या नावाची किंवा आपण लिहिलेल्या तारखेची नोंद आमच्याकडे सापडली नाही. आपण आमच्याकडे उतरला असाल तर बिलाचा क्रमांक कळवावा, म्हणजे चौकशी करून उत्तर देता येईल', एवढे पुरेसे असते, आणि बिलाचा क्रमांक कधीच न आल्याचे वाचणाऱ्याला आपोआप दिसते. डॉक्टरांची अडचण मात्र वेगळी आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांचे व्यावसायिक कर्तव्य असल्याने आरोप धादांत खोटा असला तरी आजार, तपासण्या, उपचार यांतील काहीही उघड लिहिता येत नाही, किंबहुना ती व्यक्ती आपली रुग्ण होती एवढेही सांगणे अनुचित ठरते. त्यांनी 'आपण प्रत्यक्ष किंवा दूरध्वनीवर संपर्क साधावा' याच्या पुढे जाऊ नये.

कायद्याचा रोख पाहिला तर भारतात तो निंदेपेक्षा स्तुतीवर अधिक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००:२०२२' हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचे मानक जाहीर केले. पैसे देऊन किंवा त्याच कामासाठी माणसे नेमून लिहवलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत आणि लिहिणाऱ्याची ईमेल, दूरध्वनी अशा मार्गांनी पडताळणी करावी असे ते सांगते, पण ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून आणि ब्रिटनमधील तत्सम बंदी एप्रिल २०२५ पासून लागू झाली आहे. हे सगळे ग्राहकाला फसव्या स्तुतीपासून वाचवण्यासाठी आहे, आणि ते योग्यच आहे; परंतु फसव्या निंदेने घायाळ झालेल्या दुकानदाराच्या वाट्याला उरतो तो प्रामुख्याने अब्रुनुकसानीचा जुना, संथ मार्ग. दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. फौजदारी बाजूने भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. लिहिणारा अज्ञात असल्यास अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश मागता येतो, ज्याला इंग्रजी परंपरेत 'जॉन डो' आदेश म्हणतात आणि भारतीय न्यायालयांनी त्याचे 'अशोक कुमार' असे देशी बारसे केले आहे, आणि त्या दाव्यात मंचाकडून खात्याचा तपशील मागवण्याची विनंती करता येते. मंचाला थेट जबाबदार धरणे मात्र कठीण आहे, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ त्याला मध्यस्थ म्हणून संरक्षण देते आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेल्या निकालानुसार, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हाती येईपर्यंत केवळ खासगी तक्रारीवरून मजकूर हटवण्याची सक्ती त्याच्यावर नाही. ही तरतूद दुकानदाराला जाचक वाटली, तरी ती नसती तर प्रत्येक धनाढ्य व्यावसायिकाने वकिलाच्या एका नोटिशीने खऱ्या ग्राहकांची तोंडे बंद केली असती.

कधीकधी हल्ला करणारा खोटारडाही नसतो, फक्त चुकलेला असतो. एप्रिल २०१७ मध्ये 'स्नॅपचॅट' कंपनीच्या प्रमुखाने भारताला गरीब देश संबोधल्याचा आरोप झाला, कंपनीने तो नाकारला, पण संतापलेल्या भारतीयांच्या एकतारांकित मानांकनांचा मारा नावातील साधर्म्यामुळे 'स्नॅपडील' या संबंध नसलेल्या भारतीय कंपनीच्या ॲपवरही झाला. गावात एकाच आडनावाची तीन मिठाईची दुकाने असताना असे लहान प्रमाणावर वारंवार घडते. तेथे उत्तरात पत्ता स्पष्ट लिहिणे आणि नकाशावरील आपले नाव ठळकपणे वेगळे करणे, एवढाच उपाय आहे.

या सगळ्यात मालकाला पडणारा मोह म्हणजे काट्याने काटा काढणे, अर्थात वीस-तीस पंचतारांकित अभिप्राय विकत घेऊन सरासरी सावरणे. महाराष्ट्रातील कितीतरी हॉटेलांच्या गल्ल्यावर क्यूआर कोडशेजारी 'पाच तारे द्या, लस्सी मोफत' अशी पाटी दिसते, ती याच मोहाची सौम्य आवृत्ती. मोबदला देऊन अभिप्राय मिळवणे आणि फक्त खूश दिसणाऱ्या गिऱ्हाइकांनाच लिहायला सांगणे, या दोन्ही गोष्टी गूगलच्या धोरणात निषिद्ध आहेत. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला गूगलने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या हमीनुसार तेथे खोटी स्तुती मिळवणाऱ्या व्यवसायाच्या पानावर तसा इशाराच दाखवला जाऊ शकतो. शिवाय तारे विकणाऱ्याला पाच तारे विकण्यात आणि एक तारा विकण्यात काहीच फरक वाटत नाही. स्तुतीसाठी त्याला पैसे देणारा दुकानदार त्याच दुकानाचा चरितार्थ चालवतो, ज्यातून उद्या शेजारी त्याच्यासाठी निंदा विकत घेईल.

टिकाऊ उपाय अंकगणितातच आहे. खरे अभिप्राय भरपूर असले की पाच खोट्यांनी सरासरी हलत नाही, आणि ते भरपूर होण्यासाठी प्रत्येक ग्राहकाला, नाराज दिसणाऱ्यालाही, लिहिण्याची विनंती करावी लागते. त्या विनंतीला मान देणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना: जेवण किंवा मुक्काम संपल्यावर 'छान', 'मस्त' एवढ्यावर न थांबता कोणती भाजी खाल्ली, खोली कितव्या मजल्यावर होती, सकाळी न्हाणीघरात पाणी गरम होते की नाही, एवढे दोन ओळींत जरूर लिहावे.